सॉफ्टवेअरचा इंजिनियर आणि त्याची सही

भोकर, मुदखेड, उमरी, हिमायतनगर या बाजूच्या गावांत आता एखाद्या घरी मुलाची चौकशी केली, तर 'पुण्याला इंजिनियर आहे' असे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळते. कसला इंजिनियर असे विचारले, की 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' म्हणून सांगतात. जुना माणूस यावर थोडा घुटमळतो. इंजिनियर म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे धरण येते, पूल येतो, रेल्वेचा रूळ येतो. ज्याने काही बांधले आणि ते बोट करून दाखवता येते, तो इंजिनियर, अशी त्याची समजूत. या मुलाने काय बांधले ते त्याला दाखवता येत नाही आणि बापाला सांगता येत नाही. तेव्हा ही खरी इंजिनियरिंग विद्या आहे, की नुसते नाव मोठे आहे, असा प्रश्न आपल्याकडे पारावर निघतो. गंमत अशी, की जगातल्या विद्वानांतही हाच वाद अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालला आहे.

या वादात बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणत्याही पदवीने दिलेला नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत जास्त झाले. परंतु इंजिनियरने बांधलेल्या वस्तूच्या खाली, आत आणि शेजारी ज्यांना उभे राहावे लागते, त्या हमालांत, जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आणि बांधकामाच्या मजुरांत आमची हयात गेली. बॉयलर फुटतो तेव्हा तो मालकाच्या दिवाणखान्यात फुटत नाही. परांची कोसळते तेव्हा नकाशा काढणारा तिच्यावर उभा नसतो. म्हणून आम्ही हा प्रश्न खालच्या बाजूने विचारतो : बांधणाऱ्याला इंजिनियर म्हणायचे ते केव्हापासून? याचे उत्तर इतिहासात सापडते, आणि तो इतिहास बराचसा आपल्याच मुलखातला आहे.

प्रथम नावाचा हिशेब करू. आपल्या जिल्ह्यात होट्टलची मंदिरे आहेत, कंधारचा किल्ला आहे. ती कामे करणारे पाथरवट आणि गवंडी आजच्या कोणत्याही पदवीधराने मान लववावी असे कारागीर होते. पण त्यांची विद्या त्यांच्या हातांत होती. बापाकडून मुलाकडे ती जाई, आणि मुलगा नसला तर बापाबरोबर सरणावर जाई. 'इंजिनियर' हा शब्द युरोपात आधी लष्कराचा होता. वेढा घालणे, तटाला सुरुंग लावणे, लष्करासाठी पूल टाकणे ही त्याची कामे. लष्करी नसलेला, म्हणजे 'सिव्हिल' इंजिनियर असे जॉन स्मीटन व त्याचे सोबती स्वतःला म्हणवू लागले आणि १७७१ साली त्यांनी लंडनात आपली मंडळी स्थापन केली. १८१८ साली सिव्हिल इंजिनियरांची मोठी संस्था निघाली. यंत्रवाल्यांची संस्था १८४७ साली, तारायंत्रवाल्यांची, म्हणजे पुढच्या वीजवाल्यांची, १८७१ साली आणि रसायनवाल्यांची १९२२ साली निघाली. या घराण्यात प्रत्येक धाकटा भाऊ उशिरा जन्मला आणि प्रत्येकाला आपला वाटा मागून घ्यावा लागला.

आपल्याकडे १८५४ साली पुण्यात इंजिनियरिंगचा जो वर्ग निघाला, त्याचा हेतूही मोठा नव्हता. बांधकाम खात्याला इमारती, कालवे, पूल यांच्या कामावर हाताखालची माणसे हवी होती, ती तयार करावीत इतकेच. त्या वर्गाचे पुढे कॉलेज झाले, आणि १८८३ साली तेथून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. हाताखालची माणसे तयार करायला काढलेल्या शाळेतून देशाचा सर्वांत नामांकित इंजिनियर निघाला. विद्या कोठून कोठे जाते, ते आधी सांगता येत नाही, एवढा धडा यातून घ्यावा.

सॉफ्टवेअरचे बारसे मात्र तारखेनिशी सांगता येते. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटो संघटनेच्या वतीने एक परिषद भरली. सुमारे ५० जाणकार जमले होते. संगणकयंत्रे झपाट्याने मोठी होत होती, पण त्यांना काम सांगणाऱ्या आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नव्हत्या, खर्च अंदाजाबाहेर जात होता आणि पुरे झालेले काम चुकांनी भरलेले निघत होते. या स्थितीला त्यांनी संकट म्हटले आणि परिषदेला 'सॉफ्टवेअर इंजिनियरिंग' असे नाव दिले. हा शब्द त्याआधी अमेरिकेत तुरळक वापरात होता. परिषदवाल्यांनी तो निवडला तो मुद्दाम डिवचण्यासाठी, असे त्यांच्या अहवालातच नमूद आहे. पूल बांधणारे जसे गणित, शास्त्र आणि शिस्त यांच्या आधारावर काम करतात, तसे आपण करीत नाही, करायला हवे, असा त्या नावाचा अर्थ होता. म्हणजे 'इंजिनियरिंग' हे नाव मिळाले ते एक इच्छा म्हणून. वस्तू यायची होती, नाव आधी आले.

महाराष्ट्रात यंत्र त्याहून आधी आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या हाताखाली भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. ज्या १९६८ साली गार्मिशला परिषद भरली, त्याच साली मुंबईत टाटांनी संगणकाच्या सल्ल्याची कंपनी काढली. तिची सूत्रे पुढे फकीरचंद कोहली यांच्याकडे गेली. हे गृहस्थ मूळचे विजेच्या कंपनीतले इंजिनियर. तेव्हा या धंद्याचे आपल्याकडचे पहिले धडे वीजवाल्यांनी आणि गणितवाल्यांनी गिरवून घेतले.

कामगार चळवळीची संगणकाशी गाठ पडली तीही याच सुमारास. आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी यंत्राला विरोध केला, बँकांतही तंटा झाला. तेव्हा केंद्र सरकारने १९६९ साली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. त्या वादाचा गाभा नोकऱ्यांचा होता : यंत्र आले तर किती हात रिकामे होतील? प्रश्न रास्त होता. पण त्याच्या मागे दुसरा एक प्रश्न उभा होता आणि त्याची पाळी त्या वेळी आली नाही. यंत्र चुकले, तर जबाबदार कोण? आज आमच्या मते पहिल्यापेक्षा हा दुसरा प्रश्न थोर झाला आहे, आणि इंजिनियर कोणाला म्हणावे याचे उत्तरही त्याच्यातच आहे.

ते कसे, हे पाहण्यासाठी चार जुन्या गोष्टी सांगतो.

पहिली बॉयलरची. वाफेची यंत्रे या देशात आली तेव्हा बॉयलरवर कोणाची देखरेख नव्हती. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसे मेली, आणि १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे होत गेले आणि १९२३ साली सबंध देशाचा एक कायदा आला. त्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली, पण तत्त्व तेच राहिले. बॉयलरची नोंदणी हवी, ठरल्या मुदतीत तपासणी हवी, तपासणारा मालकाचा नोकर नसावा, आणि बॉयलरपाशी उभा राहणाराही परीक्षा देऊन दाखला मिळवलेला असावा. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको. दाखला नसलेल्या माणसाच्या हातात बॉयलर द्यायला मालकही कचरतो. ही भीती कायद्याने निर्माण केली, आणि तिच्यामुळे हजारो माणसे रात्री घरी परत जातात.

दुसरी मुसा नदीची. आपला भोकर भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी राजधानी हैदराबादेत मुसेला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी आधी पाऊस किती पडला, कोठे पडला, किती पाणी कोणत्या नाल्याने आले याचा हिशेब मांडला, आणि नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारे जलाशय बांधावेत असे सांगितले. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. दैवाचा कोप म्हणून लोकांनी ज्याला हात जोडले, त्याला इंजिनियराने आकड्यांत बसवले, आणि पुढच्या पावसासाठी आधीच तजवीज केली.

तिसरी पानशेतची. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पुण्याजवळचे पानशेतचे नवे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि अर्धे पुणे पाण्याखाली आले. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या नळमार्गाचे आणि दरवाजांचे काम अपुरे होते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाचा अहवाल १९६३ साली आला. घाई कशी झाली, कोणते काम राहिले होते, हे त्यात कागदावर आले. म्हणजे खऱ्या, पदवीधर, सरकारी इंजिनियरांनी बांधलेले धरणही फुटते. इंजिनियरिंग म्हणजे चूक न होणे, असे कोणी समजू नये. पण धरण फुटले तेव्हा 'यंत्रात काही तरी झाले असेल' असे सांगून कोणाला सुटता आले नाही. चौकशी बसली, नकाशे मागवले गेले, साक्षी झाल्या. नाशिकला पुढे राज्याच्या धरणांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संघटना निघाली आणि २०२१ साली देशाचा धरण सुरक्षा कायदा झाला.

चौथी गोष्ट आपल्या अगदी अंगणातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे मेली. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती घरांनी मारली. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचा थर दिलेले जड माळवद. हलताच सगळे आत कोसळले. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे काय झाले? 'आय.एस. १८९३' या नावाची भूकंपाची जी मानकसंहिता आहे, ती २००२ साली सुधारली. सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. आज देशात कोठेही इमारतीचे गणित करणारा इंजिनियर ते पुस्तक उघडतो, तेव्हा किल्लारीत मेलेल्या माणसांचे म्हणणे तो अजाणता ऐकत असतो.

या चार गोष्टींतून इंजिनियरिंगची ओळख आमच्या समजुतीप्रमाणे तीन खुणांनी पटते. काम उभे राहण्याआधी ते कितपत टिकेल याचा हिशेब सांगता आला पाहिजे. काम कोसळले तर त्याचे कारण शोधून ते सर्वांच्या पुस्तकात लिहिले गेले पाहिजे, म्हणजे तीच चूक दुसऱ्या गावात पुन्हा होणार नाही. आणि त्या कामाखाली एका माणसाची सही पाहिजे. जो त्या सहीसाठी जाब देईल, आणि पटले नाही तर सही नाकारण्याचा ज्याला अधिकार असेल. यांतली तिसरी खूण आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. बांधकाम खात्यात मोजमापाचे पुस्तक असते, ज्याला ठेकेदार आणि मजूर 'एम.बी.' म्हणतात. त्यावर कनिष्ठ अभियंत्याची सही असते, वरच्याची तपासणी असते. त्या सह्या नेहमी खऱ्या असतात असा दावा आपल्याकडचे रस्ते पाहून कोणी करणार नाही. तरी खड्डा पडला तर बिल कोणाच्या सहीने निघाले, हे निदान विचारता येते.

आता या तीन खुणा सॉफ्टवेअरला लावून पाहू.

हिशेबाच्या बाबतीत सॉफ्टवेअरवाल्यांची अडचण खरी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. पूल दहा टनांसाठी हवा असेल, तर इंजिनियर तो वीस टनांच्या हिशेबाने बांधतो. थोडे सिमेंट कमी पडले, थोडे लोखंड गंजले, तरी पूल उभा राहतो. लोखंड, दगड, लाकूड ही हळूहळू दमणारी चीज आहे. सॉफ्टवेअर तसे नाही. लाखो ओळींत एक चिन्ह चुकले, तर सगळा डोलारा एका क्षणात भलतेच करू लागतो, आणि ते चिन्ह तसे वर्षभर लपूनही राहते. येथे दुप्पट माल घालून भागत नाही. म्हणून काही विद्वान म्हणतात, की ही विद्या इंजिनियरिंगच्या जातीचीच नव्हे. परंतु विजेचा गुणही दगडासारखा नव्हता, रसायनांचा विजेसारखा नव्हता. प्रत्येक धाकट्या भावाला आपल्या वस्तूपुरता नवा हिशेब शोधावा लागला. चिन्ह चुकले तरी यंत्र सुरक्षित थांबावे अशी रचना करणे, एकाचे काम दुसऱ्याने अनोळखी नजरेने तपासणे, महत्त्वाच्या भागाची गणिताने सिद्धता करणे, हे सर्व सॉफ्टवेअरमध्ये करता येते. १९९८ साली पॅरिसमध्ये चालकाविना धावणारी मेट्रो सुरू झाली, तिच्या सुरक्षिततेचा भाग असा गणिताने सिद्ध केलेला होता. अडचण आहे, पण ती अशक्यतेची नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणांपाशी मात्र गाडी अडते. दोन उदाहरणे घेऊ. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात 'थेराक-२५' नावाच्या किरणोपचाराच्या यंत्राने सहा रोग्यांना प्रमाणाबाहेर किरण दिले आणि त्यांतले काही जण मेले. त्याच घराण्यातल्या आधीच्या यंत्रात चूक झाली तर किरण थांबवणारा लोखंडी अडसर होता. नव्या यंत्रात तो काढला आणि सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. रुग्णालयांनी तक्रार केली, तेव्हा असे होणेच शक्य नाही, असे उत्तर प्रथम मिळाले.

दुसरे उदाहरण गरिबाला अधिक जवळचे. इंग्लंडच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकव्यवस्था आणली. गावोगावच्या छोट्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात ती नसलेली तूट दाखवू लागली. तूट तुम्हीच भरा, नाही तर खटला, असा खाक्या होता. ९०० हून अधिक माणसांवर चोरीचे आणि अफरातफरीचे गुन्हे शाबीत झाले. कित्येकांची घरे गेली, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. व्यवस्थेत बिघाड आहेत हे आतल्या लोकांना ठाऊक होते, पण न्यायालयात ते आले नाही. कारण तेथे संगणक बरोबर चालतो असेच कायदा गृहीत धरीत होता. त्या पोस्टमास्तरांनी एकत्र येऊन दावा लावला, २०१९ साली तो जिंकला, आणि २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. पानशेतला धरण फुटल्यावर चौकशी धरणाची झाली. येथे धरण फुटले आणि चौकशी बुडालेल्यांची झाली.

सही तर औषधालाही सापडत नाही. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर जो करारनामा येतो, त्यात वस्तू जशी आहे तशी घ्यावी, नुकसानीची जबाबदारी आमच्यावर नाही, असे लिहिलेले असते. बॉयलरवर अशी पाटी लावून पाहा! अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९८ साली सॉफ्टवेअर इंजिनियरांना परवाने देण्यास सुरुवात केली. २०१३ साली तेथे त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर परीक्षाही सुरू झाली. ती २०१९ साली बंद करावी लागली. इतक्या वर्षांत मिळून ८१ जण त्या परीक्षेला बसले होते. लाखो माणसांच्या धंद्यात ८१! माणसे आळशी होती म्हणून असे झाले नाही. त्या सहीवाचून कोणाचे काहीच अडत नव्हते, हे त्याचे कारण. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने नोंदणीवाचून कोणाला स्वतःस वास्तुविशारद म्हणवता येत नाही. इंजिनियर या नावाला देशभरात तसे कुंपण नाही, आणि सॉफ्टवेअरला तर नगरपालिकेच्या परवान्याचेही नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग तुमचा निकाल लागला : सॉफ्टवेअर ही इंजिनियरिंग नव्हे. थांबा. निकाल देण्यापूर्वी आपल्याच रेल्वेमार्गाकडे पाहू.

भोकरहून मुदखेडला गेले, की तेथे नांदेडहून हैदराबादेकडे जाणारा मोठा मार्ग लागतो. परभणी-नांदेड-सिकंदराबाद या मार्गावर 'कवच' नावाची व्यवस्था बसवलेली आहे. चालकाने धोक्याचा सिग्नल ओलांडला, किंवा मर्यादेबाहेर वेग ठेवला, तर ही व्यवस्था आपण होऊन ब्रेक लावते. हिचे काम लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली झाले, २०१६ साली दक्षिण मध्य रेल्वेवर प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या सुरू झाल्या आणि २०२० साली तिला देशाची व्यवस्था म्हणून मान्यता मिळाली. तिची परीक्षा सुरक्षिततेच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक पायरीची आहे. घातक बिघाड दहा कोटी तासांत एकापेक्षाही कमी असावा, अशी ती अट. हे प्रमाणपत्र बांधणाऱ्याने स्वतःला द्यायचे नसते, बाहेरच्या परीक्षकाने द्यायचे असते. शिवाय रेल्वेत जुना दंडक आहे, की नव्या मार्गावर उतारूंची गाडी सोडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्ताची तपासणी झाली पाहिजे. आणि हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा नोकर नाही, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. बांधणारा आणि तपासणारा एका घरचे नसावेत, हे शहाणपण त्यामागे आहे. 'कवच' हे बव्हंशी सॉफ्टवेअरच आहे. मग येथे तिन्ही खुणा पटतात की नाही? हिशेब आहे, नोंद आहे, सही आहे. ही इंजिनियरिंगच आहे.

आता त्याच नांदेड जिल्ह्यात रेल्वेवरून उतरून गावात या. २०१७ साली राज्य सरकारने दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची योजना जाहीर केली. ३४,०२२ कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला. अर्ज संगणकावर भरायचे होते. शेतकरी नवराबायको केंद्रांपुढे रांगा लावून अंगठे देत होते. ऑक्टोबर महिन्यात समारंभ करून दाखले वाटण्यास सुरुवात झाली, आणि मागोमाग याद्यांतल्या चुका बाहेर आल्या. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या, पैसे लांबणीवर पडले. गावातला शेतकरी बँकेत विचारी, बँक वर बोट दाखवी, वरचे म्हणत की सिस्टिममध्ये अडचण आहे. सिस्टिमला तोंड नाही, पत्ता नाही, सही नाही. रेशनच्या दुकानातही तेच दिसते. जन्मभर पोती उचलणाऱ्या हमालाच्या, ऊस तोडणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा लागत नाही. अशा माणसाला धान्य देण्याचे दुसरे मार्ग नियमांत आहेत. पण यंत्र 'नाही' म्हणाले, की दुकानदार हात वर करतो आणि म्हातारी पिशवी घडी करून परत फिरते. कष्टाने बोटे झिजतात, हे पहिल्या दिवशीच ध्यानात घेऊन हिशेब करायला हवा होता. किल्लारीच्या माळवदाचे ओझे जसे हिशेबात यायला हवे होते, तसेच हे.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. सॉफ्टवेअर ही इंजिनियरिंग आहे काय, याचा निर्णय सॉफ्टवेअरच्या अंगच्या गुणावर लागत नाही. तीच विद्या, बहुधा त्याच कॉलेजांतून शिकलेली तीच मुले, आगगाडीच्या ब्रेकपाशी इंजिनियर असतात आणि रेशनच्या यंत्रापाशी नसतात. फरक पडतो तो समोरच्या माणसाच्या जोरामुळे. गाडीत चालक बसतो, आमदार बसतो, साहेब बसतो. तेथे समाजाने जाब मागितला आणि तो मिळाला. रेशनच्या रांगेत ज्यांनी जाब मागायचा, त्यांचा आवाज तेवढा लांब जात नाही. बॉयलरचीही प्रारंभी हीच गत होती. स्फोटाला दैव म्हणत होते तोवर बॉयलरवाला मिस्त्री होता. स्फोटाला गुन्हा म्हणू लागले तेव्हा त्याच्या धंद्याला शिस्त आली.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. एक असा, की प्रत्येक बारीकसारीक सॉफ्टवेअरला सही आणि तपासणी मागितली, तर खर्च वाढेल आणि कामे अडतील. यात तथ्य आहे. पण गोठ्याला कोणी इंजिनियर लावत नाही आणि शाळेच्या इमारतीला लावतो. जेथे माणसाचा जीव, भाकरी, मजुरी, जमीन किंवा अब्रू यंत्राच्या शब्दावर ठरते, तेथे सही हवी. मुलांच्या खेळाला नको. ही रेघ ओढता येते. दुसरा आक्षेप असा, की सॉफ्टवेअर एकट्याचे काम नसते, शेकडो हातांचे असते, सही कोणाची घेणार? धरणही शेकडो हातांचेच असते. पाटी वाहणाऱ्या बाईची सही कोणी मागत नाही. ज्याने 'आता पाणी अडवा' म्हणून सांगितले, त्याची मागतात.

पुण्याला हिंजवडीत काम करणाऱ्या आपल्या मुलांशी या निमित्ताने दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांच्या पाकिटावर इंजिनियर असे छापलेले असते, पगारही आमच्या माणसांपेक्षा बरा असतो, म्हणून आपण कामगार नव्हे असे त्यांना वाटते. कायद्याचे पुस्तक तसे म्हणत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणारा कामगारच होता, आणि २०२० च्या संहितेतही आहे. परंतु आमचा मुद्दा पगाराचा नाही. 'हे काम अजून तपासलेले नाही, हे लोकांपुढे न्यायला मी संमती देत नाही,' असे म्हणण्याची सोय यांतल्या किती जणांना आहे? तारीख वरून ठरून येते. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बदलता येते. पानशेतला पावसाळ्याची तारीख होती आणि येथे उद्घाटनाची असते. नाही म्हणण्याचा अधिकार एकट्याने मिळत नाही. तो बॉयलरवाल्याला कायद्याने मिळाला, आणि कायदा झाला तो लोकांनी गलका केला म्हणून. डॉक्टरांना, वकिलांना तो त्यांच्या संघटनांनी मिळवून दिला. संघटना म्हणजे नुसती पगारवाढ, ही समजूत या मुलांनी टाकून द्यावी. आपले काम नीट करू द्या, एवढे मागण्यासाठीही संघटना लागते.

आणि आपण गावातल्या लोकांनी काय करावे? एक साधी गोष्ट करता येईल. सरकारी इमारतीवर कोनशिला असते, रस्त्याच्या कडेला ठेकेदाराच्या आणि अभियंत्याच्या नावाचा फलक असतो. ज्या यंत्रावर आपला अंगठा घेतला जातो, त्याच्यावरही असा फलक मागावा : हे कोणी बनवले, कोणी तपासले, चूक झाली तर कोणाकडे दाद मागावी, आणि आजवर कोणत्या चुका सापडल्या. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणती पदवी लागत नाही. पहिल्या ठरावाने काही होणार नाही. १८६४ चा कायदा १९२३ साली सबंध देशाचा व्हायला ५९ वर्षे लागली. पण सॉफ्टवेअरच्या बारशाला अजून साठ वर्षेही पुरी झालेली नाहीत. हा धाकटा भाऊ अजून वयात यायचा आहे, आणि त्याला वळण लावण्याचे काम केवळ त्याच्या घरच्यांवर सोडून चालणार नाही.